‘व्यवसाय : शेती’ – लग्न न जमलेल्या एका बागायतदाराच्या नैराश्याचं प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातलं आहे. ज्याचं आहे त्याच्या परवानगीनं लिहिलं आहे. त्यानं मसुदा वाचला आणि दोन ठिकाणी दुरुस्तीही करायला लावली. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला इथे सचिन म्हणू. मी तालुक्याच्या गावी समुपदेशनाचं काम करते. आठवड्यातले दोन दिवस एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसते, कारण ‘मानसोपचार’ अशी पाटी असलेल्या दारातून आत यायला आमच्याकडची माणसं अजून बिचकतात.

पार्श्वभूमी

सचिन तेव्हा ३५ वर्षांचा होता. बी.कॉम. झालेला. घरची साडेतीन एकर जमीन, त्यात दोन एकर द्राक्षबाग, बाकी ऊस आणि थोडा मका. वडिलांना घरात सगळे आण्णा म्हणतात. त्यांचे गुडघे गेल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, बाग सचिनच्याच अंगावर. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मधल्या काळात डाऊनी या बुरशीच्या रोगाची धास्ती, आणि बाजारात दर पडला तर माल शेडवर टाकून बेदाणा करायचा, हे सगळं तो एकहाती करायचा. सचिननं फवारणी काढली की शेजारचे दोघेतिघे आपापला पंप जोडायचे, इतका त्याच्या अंदाजावर लोकांचा भरवसा होता. मुद्दाम सांगते, कारण पुढे हाच माणूस मला म्हणाला, “मॅडम, माझा कुणाला काय उपयोग?”

स्थळं बघायला २०१५ साली सुरुवात झाली. पहिली दोन-तीन वर्षं मुलीकडचे लोक घर बघायला यायचे, चहा-पोहे व्हायचे, विहीर किती परस, पाइपलाइन कुणाच्या नावावर, इथपर्यंत चौकशी व्हायची, आणि मग आठ दिवसांनी मध्यस्थाचा फोन यायचा: “पत्रिका जुळत नाही म्हणत्यात.” पत्रिका हे निमित्त असतं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पुढे पुढे घर बघायला येणंही थांबलं. बायोडाटा व्हॉट्सॲपवर जायचा, दोन निळ्या खुणा उमटायच्या आणि तिथंच विषय संपायचा.

चौथ्या भेटीत त्यानं एक प्लॅस्टिकची फाइल आणली. आत आठ वर्षांतले सगळे बायोडाटे, वरती गणपती, खाली मामाचं आडनाव. देवक, रास, नाडी, उंची तीच. बदलत गेला तो एकच रकाना. पहिल्या कागदावर ‘व्यवसाय : शेती’. पुढच्यावर ‘प्रगतशील शेतकरी’. मग ‘द्राक्ष बागायतदार’. मग ‘बेदाणा व्यापार’, जो तो करत नव्हता. शेवटच्या कागदावर नुसतं ‘स्वतःचा व्यवसाय’. त्या शब्दाखाली पांढरी शाई लावलेली दिसत होती. मूळ शब्द खोडून वर टाइप केलेली चिठ्ठी चिकटवली होती आणि त्याची झेरॉक्स काढली होती. मी ते कागद ओळीनं टेबलावर मांडले. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “मी हळूहळू पुसला गेलोय यातनं.”

यात मुलींची चूक आहे असं मला म्हणायचं नाही. ज्यांनी आपल्या आईला पहाटे जनावरांचं शेण काढून, दिवसभर घडांची विरळणी करून रात्री भाकऱ्या थापताना पाहिलंय, त्यांनी ते आयुष्य नाकारलं तर त्यांना दोष कसा द्यायचा? आणि मुळात मुलीच कमी आहेत. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. महाराष्ट्राचा आकडा तेव्हा ९१३ होता, २०११ मध्ये तो ८९४ वर आला. सचिनसाठी ज्या पंचविशीच्या मुली बघत होते, त्या नेमक्या २००१ च्या मोजणीतल्या. ज्या जन्मल्याच नाहीत त्यांच्यामुळे रिकामी राहिलेली जागा आता या मुलांच्या वाट्याला आली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. बातमी बघून लोक हसले. सचिनच्या घरीही टीव्हीसमोर सगळे हसले. तो उठून गोठ्यात जाऊन बसला होता.

घाव कुठे बसला

सचिनचा धाकटा भाऊ चाकणला कंपनीत कामाला. त्याला पगार आहे, पुण्यात भाड्याची खोली आहे. त्याचं पहिल्याच स्थळाशी जमलं. थोरला राहिला असताना धाकट्याचं उरकायचं की नाही यावर घरात चार महिने वाद झाला. शेवटी सचिनच म्हणाला, “माझ्यासाठी त्याचं थांबवू नका.” लग्न मे २०२३ मध्ये झालं.

त्या दिवसातले दोन प्रसंग त्यानं मला सांगितले. मांडवात नवरीकडच्या एका पाहुण्यानं त्याला विचारलं, “तुम्ही नवरदेवाचे काका का?” आणि सुवासिनी हळद लावायला बसल्या तेव्हा चुलत आजी त्याच्याकडे बघत मोठ्यानं म्हणाली, “ह्याला पण लावा गं थोडी उरल्याली, लागलं तर लागलं.” सगळ्याजणी हसल्या. आजीच्या मनात वाईट काही नव्हतं. उरलेली हळद ज्याला लावतात त्याचं लवकर जमतं, असं आपल्याकडे म्हणतातच. पण ‘उरल्याली’ हा शब्द त्याच्या डोक्यातून गेला नाही.

जूनपासून झोप गेली. पहाटे तीनला जाग यायची आणि छातीत धडधड सुरू व्हायची. जेवण निम्म्यावर आलं. पोटात गोळा, अंगात कणकण, हातापायाला मुंग्या. तालुक्याला दोनदा ईसीजी काढला, दोन्ही वेळा नीट. गॅसच्या गोळ्या झाल्या, बी-१२ ची इंजेक्शनं झाली. ऑगस्टमध्ये आत्यानं सांगितलं म्हणून त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करून आले. आईला त्यानं बरं वाटलं. तीन दिवस घराबाहेर, सगळे एकत्र, कुणी काही विचारत नव्हतं, म्हणून सचिनलाही थोडं बरं वाटलं होतं. परत आल्यावर पुन्हा तेच.

घरच्यांना खरी भीती वाटली ती ऑक्टोबरमध्ये. सचिननं छाटणीची तारीख चुकवली. मजुरांची टोळी ठरली होती, डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावायची पेस्ट आणून ठेवली होती आणि त्या सकाळी तो अंथरुणातून उठलाच नाही. जो माणूस नदीला महापूर आलेला असतानाही बागेत जात होता, तो म्हणाला, “करा तुम्हीच.” आण्णांनी दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात आणलं.

पहिल्या दोन भेटी

पहिल्या भेटीत आण्णा शेजारी बसले. मी सचिनला प्रश्न विचारायचे, उत्तर आण्णा द्यायचे. “लग्नाचं टेन्शन घेतंय, बाकी काय न्हाय.” नैराश्य मोजण्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आम्ही वापरतो, पीएचक्यू-९ म्हणतात तिला. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, कामातला रस, स्वतःविषयी काय वाटतं, असे प्रश्न असतात. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याविषयी, स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांविषयी असतो. मी तो वडिलांच्या देखत विचारला. सचिननं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “न्हाई.” मी शून्य लिहिलं.

आठ दिवसांनी तो एकटा आला. तोच प्रश्न पुन्हा विचारला. बऱ्याच वेळानं म्हणाला, “रोज येतंय मनात. त्या दिवशी आण्णा होते.” त्या दिवशीची बेरीज १९ निघाली. १५ ते १९ म्हणजे मध्यम ते तीव्र, वीसपासून पुढे तीव्र. पण आकड्यापेक्षा मला त्या आठ दिवसांची धास्ती वाटली. बागायतदाराच्या घरात फवारणीच्या औषधांची एक खोली असतेच. मी पाठवून दिलेला माणूस आठ दिवस त्या खोलीशेजारी झोपत होता.

अडचण नेमकी कोणती

लग्न होत नाही हे दुःख आहे. ते दुःख असलेली शेकडो मुलं आमच्या भागात आहेत आणि त्यातली बहुतेक आजारी नाहीत. जत्रेत कावड घेतात, कबड्डी खेळतात, अधूनमधून हिरमुसतात. सचिनच्या बाबतीत दुःख पसरत गेलं होतं. ज्या बागेत त्याला मान होता तिथलाही रस संपला होता. नैराश्याची ही मोठी खूण आहे: एका जागचं अपयश तिथंच थांबत नाही, सगळं रान व्यापतं.

मी त्याला विचारलं, गावात तुम्हाला लोक काय म्हणून ओळखतात असं वाटतं? तो म्हणाला, “राहिल्याला. फलाण्याचा राहिल्याला पोरगा.” त्याला खरोखर वाटत होतं की हेच त्याचं नाव आहे. पुढच्या एका भेटीत त्यानंच बेदाण्याची गोष्ट काढली. तासगावच्या सौद्यात बेदाण्याची प्रत लागते. हिरवा वर, पिवळा त्याखाली, काळा शेवटी. “आमची काळी प्रत लागलीय मॅडम. आता किती पण निवडा, दर तोच.”

कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञानं ‘लायकीच्या अटी’ ही कल्पना मांडली. मूल लहानपणापासून शिकत जातं की अमुक केलं तर मी चांगला, नाहीतर नाही. मोठेपणी तीच अट माणूस स्वतःला घालतो. आपल्याकडे तर ही अट व्याकरणातच आहे. लग्न झालं की माणूस ‘मार्गी लागतो’. त्याआधी तो कुठे असतो? जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनमध्ये स्त्रियांच्या नैराश्याचा मोठा अभ्यास केला, १९७८ साली तो प्रसिद्ध झाला. ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुढच्या कामात असं दिसलं की नुसतं काहीतरी गमावण्यापेक्षा, ज्या घटनेत अपमान असतो किंवा सुटकेचा रस्ताच दिसत नाही, तिथून नैराश्य जास्त सहज उगवतं. सचिनच्या मांडवात दोन्ही होतं. अपमान चारचौघांत झाला होता. आणि जमीन सोडून जाता येत नव्हतं, कारण आण्णांचे गुडघे आणि सोसायटीचं कर्ज.

समोर असलेले पर्याय

घरच्यांचा पर्याय सरळ होता: लग्न लावून टाकायचं. दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, एक एजंट शोधला होता. दोन लाख द्यायचे, मुलगी परजिल्ह्यातली, दिवाळीनंतर देवळात लग्न. आण्णा मला म्हणाले, “एकदा दोनाचे चार झाले की आपोआप उठतंय बघा.” त्यांचा तळमळीचा स्वर अजून आठवतो. मी विरोध केला. अशा व्यवहारात फसलेली घरं मी पाहिली होती, पण माझं मुख्य कारण वेगळं होतं. जो माणूस सकाळी अंथरुणातून उठू शकत नाही, त्याच्या घरी एक अनोळखी मुलगी औषध म्हणून आणायची? तिच्या आयुष्याचं काय? आणि ती आल्यावरही तो उठला नाही, तर त्याच्या मनावर ‘लग्न करून पण जमलं नाही’ असा नवा शिक्का बसला असता. तीन बैठका यावर गेल्या. आण्णा शेवटपर्यंत मनानं पटले नाहीत. बाग उतरेपर्यंत थांबायला तयार झाले, एवढंच.

दुसरा पर्याय सचिनचा स्वतःचा होता. पुण्यात सिक्युरिटीची नोकरी, १४ हजार पगार. बाग बटईनं द्यायची. बागेतून चांगल्या वर्षी याच्या कितीतरी पट हाती येतं हे त्यालाही माहीत होतं. “पण रकान्यात नोकरी लिहिता येईल.” या पर्यायावर मी घाईनं बोलले नाही. जागा बदलल्यानं काही माणसं खरंच सावरतात. पण त्या अवस्थेत एकट्यानं खोली करून, रात्रपाळी करत राहणं धोक्याचं होतं. आम्ही ठरवलं की हा निर्णय मार्चनंतर घ्यायचा. नैराश्यात असताना जमीन विकणं, नोकरी धरणं-सोडणं, सोयरीक करणं-मोडणं हे निर्णय शक्यतो पुढे ढकलावेत, असं मी सगळ्यांनाच सांगते.

उपचाराचे पर्याय असे: नुसतं बोलणं, नुसत्या गोळ्या, दोन्ही मिळून, किंवा काही दिवस भरती. मनात रोज मरणाचे विचार असताना नुसत्या बोलण्यावर भिस्त ठेवणं मला मान्य नव्हतं. भरतीचा विषय निघाला तेव्हा आई पहिल्यांदाच बोलल्या. “मिरजेला नेलं म्हंजे गावभर होईल. मग तर कोण देतंय पोरगी?” शेवटी ठरलं असं की मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं, गोळ्या सुरू करायच्या, पहिले चार आठवडे त्याला घरात एकटं सोडायचं नाही, आणि हे जमलं नाही तर भरती. डॉक्टरांनी त्याला तपासून हेच बरोबर म्हटलं.

काय केलं

सगळ्यात आधी किल्ली. औषधांची खोली रिकामी करून साठा चुलतभावाच्या शेडमध्ये हलवला, कुलूप घातलं आणि किल्ली चुलतभावाकडे दिली. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच औषध तो स्वतः घेऊन येणार. आण्णांना हे लागलं. “पोराच्या हातात औषध द्यायचं न्हाय म्हंजे आम्ही काय चोर हाय?” मी त्यांना श्रीलंकेचं सांगितलं. त्या देशानं १९९५ पासून टप्प्याटप्प्यानं सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. तो टोकाचा क्षण बहुतेकदा थोडा वेळच असतो. त्या वेळी हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेली बहुतेक माणसं पुढे जगतात. सचिननं स्वतः मधे पडून म्हटलं, “असू द्या आण्णा. मलाच बरं वाटेल.” टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर त्याच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये घातला. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात आणि पहिल्या दिवसांत मळमळ, अस्वस्थता वाढू शकते, हे मी घरच्या सगळ्यांना बसवून सांगितलं. आमच्याकडे ‘चार दिवस खाल्ल्या, फरक नाही, सोडल्या’ हे नेहमीचं आहे.

मग बाग. छाटणी आठ दिवस उशिरा का होईना चुलतभावानं उरकून घेतली होती आणि आता काड्या फुटत होत्या. मी सचिनला म्हटलं, सगळी बाग बघू नका. दोन ओळी तुमच्या. त्या दोन ओळींची फेल, म्हणजे जास्तीची फूट, काढायची आणि घरी यायचं. मन लागो न लागो. नैराश्यात माणूस उत्साहाची वाट बघत बसतो, पण बहुतेक वेळा आधी हात चालतात आणि उत्साह मागून येतो. पहिले चार दिवस त्यानं एकच ओळ केली. पाचव्या दिवशी मला मेसेज आला: “आज दोन झाल्या. तिसऱ्या ओळीत एका झाडावर डाऊनीचा ठिपका दिसला, सांगून आलो.” तो ठिपका त्याला दिसला, याचा मला फार आनंद झाला. महिनाभर त्याला काहीच दिसत नव्हतं.

बोलण्याच्या बैठकांत आम्ही ‘राहिलेला’ या शब्दावर काम केलं. आपण चांगले आहोत हे स्वतःला पटवून देण्याच्या भानगडीत मी पडले नाही. सचिनसारखा माणूस त्याला फसवणूक समजतो. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाची विचारपद्धती मराठीत कि. मो. फडके यांनी आणली. तिच्यातला एक धागा मला इथे उपयोगी पडला: माणसाच्या एखाद्या गोष्टीला गुण द्यावेत, सबंध माणसाला देऊ नयेत. सचिनच्याच भाषेत हे आलं. मी विचारलं, एका वर्षी माल काळा पडला तर बाग काढून टाकता का? तो म्हणाला, “माल काळा पडतो, बाग न्हाई.” मग काही वेळ गप्प बसला. पुढच्या भेटीत म्हणाला, “पण मॅडम, गावाला माल दिसतो.” याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं, आणि नाही असंच मी म्हटलं. गाव बदलत नाही तोवर हा त्रास राहणार होता.

म्हणून घरच्यांची बैठक घेतली. धाकटा भाऊ चाकणहून सुट्टी काढून आला. तो म्हणाला, “मला लाज वाटती. त्याच्या जिवावर मी शिकलो आणि त्याच्या आधी मांडवात बसलो.” हे तो भावाशी कधी बोलला नव्हता. दोघं एकमेकांकडे न बघता रडले. त्या बैठकीत तीन गोष्टी ठरल्या. सहा महिने बायोडाटा कुठेही जाणार नाही. ‘थोरल्याचं काय?’ असं कुणी विचारलं तर उत्तर आण्णा देतील, सचिनला पुढे करायचं नाही. आणि पुढे कधी स्थळ आलं, तर उपचार चालू आहेत हे मुलीला सचिन स्वतः सांगेल. शेवटच्या गोष्टीवर दाजी चिडले. “स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय.” पण लपवून जमवलेल्या सोयरिकीत गोळी खायलाही चोरी होते, आणि गोळी सुटली की आजार परत येतो.

काय झालं

जानेवारी २०२४ मध्ये बेरीज ११ होती, मार्चमध्ये ६. बागेचा माल कमी निघाला, पण निघाला. एजंटाचा विषय आपोआप मागे पडला. पुण्याची नोकरी त्यानं स्वतःच नको म्हटली.

एप्रिलमध्ये त्यानं कुणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या. बरं वाटत होतं, म्हणून. मे महिन्यात लग्नसराई आली, मावसभावाच्या लग्नाला जावं लागलं आणि पंधरा दिवसांत पहाटेची जाग परतली. बेरीज १३. बरं वाटू लागल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात, हे मी सांगितलं होतं. पण एकदाच, सुरुवातीला, तो काही ऐकण्याच्या अवस्थेत नसताना. या वेळी मात्र तो स्वतः दवाखान्यात आला, एकटा, मोटारसायकलवरून. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि २०२५ च्या सुरुवातीपासून हळूहळू कमी करत बंद केल्या.

त्याआधी, २०२४ च्या दिवाळीनंतर, एक स्थळ आलं. मुलगी ३३ वर्षांची, घटस्फोटित, कोल्हापुरात नोकरी करणारी. आण्णांना आधी ते खपलं नाही. सचिननं आग्रह धरला. दोघं कोल्हापुरात रंकाळ्यावर दोनदा भेटले. दुसऱ्या भेटीत त्यानं सगळं सांगितलं: छाटणी चुकली ती सकाळ, गोळ्या, किल्ली. तिनं नीट ऐकून घेतलं. आठवड्यानं तिनं नकार कळवला. कारणही सांगितलं: नोकरी सोडून गावात राहायला जमणार नाही, आजाराचा यात संबंध नाही.

त्या नकारानंतर मी त्याला लगेच बोलावलं. खरं तर मीच घाबरले होते. तो म्हणाला, चार दिवस वाईट गेले, जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी ढगाळ हवा झाली म्हणून फवारणीला उठावंच लागलं. “आणि मॅडम, तिनं पत्रिकेचं नाव घेतलं न्हाई. खरं कारण सांगितलं. मला माणसासारखं वागवलं.” लग्न आजही झालेलं नाही. बायोडाटा त्यानं नव्यानं लिहिला आहे. रकान्यात ‘शेती’ आहे.

आज काय वेगळं केलं असतं

पहिल्या भेटीत आण्णांना बाहेर बसायला सांगितलं असतं. पाच मिनिटं तरी. वडीलधाऱ्या माणसाला उठवायला मी संकोचले, आणि त्या संकोचाची किंमत भलतीच मोठी पडू शकली असती. आता मी प्रत्येकालाच, सोबत कोणीही असो, ‘दवाखान्याची पद्धत आहे’ असं सांगून थोडा वेळ एकट्यानं भेटते.

तिसऱ्या भेटीत मी त्याला धीर देण्यासाठी म्हटलं होतं, “अहो, पस्तीस म्हणजे काय वय गेलं नाही. होईल की लग्न.” मसुदा वाचताना त्यानं ज्या दोन दुरुस्त्या सुचवल्या त्यातली एक ही. मी हे वाक्य लिहायचं विसरले होते, त्यानं आठवण करून दिली. “तुम्ही पण तेच म्हणालात तेव्हा वाटलं, म्हंजे झालं तरच मी बरा.” मी नकळत त्याच्या अटीवर सही केली होती. दुसरी दुरुस्ती अशी की मी सुरुवातीला ‘एका अविवाहित शेतकऱ्याचं प्रकरण’ असं शीर्षक दिलं होतं. त्यानं ‘बागायतदार’ करायला सांगितलं.

गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे मार्चमध्ये, तो हसतखेळत आला होता तेव्हा, पुन्हा बसवून सांगायला हवं होतं. ईसीजी दोनदा नीट आल्यावर झोपेविषयी आणि मनाविषयी दोन प्रश्न विचारा, अशी विनंती मी आता तालुक्यातल्या डॉक्टरांना करते. काहीजण विचारतातही.

आणि आई. या सगळ्या काळात मी त्यांच्याशी सचिनची आई म्हणूनच बोलत राहिले. गोळी दिली का, जेवला का, रात्री उठला होता का. हळदीकुंकवाला त्यांनी दोन वर्षं जाणं सोडलं होतं. बायका विचारतात म्हणून. हे मला मे २०२४ मध्ये कळलं, सचिन पुन्हा आजारी पडला तेव्हा, आणि तेही ओघात. “मी पण तीनलाच उठती की. मग भाकरीचं पीठ मळून ठिवती.” त्या दिवशी त्यांना एकटीला बसवून तेच नऊ प्रश्न विचारले. बेरीज १४ आली.

आता त्या महिन्यातल्या पहिल्या बुधवारी येतात. दहाची एसटी पकडतात. सचिन त्यांना फाट्यावर सोडतो आणि बागेत जातो.